असंगतीचा साक्षी : जपानी विनोदी ॲनिमे-मालिकांतील हास्य आणि नैतिक प्रतिसाद

१

‘ॲब्सर्ड’ ही संज्ञा मराठी समीक्षेत मुख्यतः रंगभूमीच्या वाटेने आली. बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ (पहिला प्रयोग १९५३), आयनेस्कोची नाटके आणि मार्टिन एस्लिनचा १९६१ मधील ग्रंथ यांच्या आधाराने ती रुळली. येताना तिने एक भावस्थितीही सोबत आणली : वैफल्य, परात्मता आणि संवादाची अशक्यता. परिणामी असंगतीच्या मुळाशी वेदना असलीच पाहिजे, आणि असंगतीतून उमटणारे हसू हे त्या वेदनेवरचे पातळ आवरण असले पाहिजे, असा एक संकेत दृढ होऊन बसला.

जपानी विनोदी ॲनिमे-मालिकांपुढे हा संकेत अडखळतो. शाळेच्या आवारात मुख्याध्यापक एका हरणाशी झुंजतात आणि अखेर त्याला कवेत घेऊन कुस्तीगिराच्या थाटात पाठीमागे आपटतात. वर्गाच्या खिडकीतून एक विद्यार्थिनी हा सारा प्रकार पाहत असते. ‘निचिजो’ (२०११) या मालिकेतील या प्रसंगाला कारण नाही, परिणाम नाही, रूपकात्मक अर्थ असल्याची कोणतीही खूण नाही. अस्तित्ववादी व्याकुळताही येथे शोधून सापडत नाही. तरीही प्रेक्षक हसतो.

हे हसू कोणत्या जातीचे आहे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका निरुपद्रवी नाही. हास्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे प्रतिपादन बेर्गसाँने १९०० मधील आपल्या हास्यविषयक निबंधात केले होते. ते मान्य केले, तर प्रत्येक घटनेला निरर्थकाच्या पातळीवर आणून हसवणारा कलाप्रकार हा बधिरतेची सवय लावणारा ठरेल. पुढे ज्या मालिकांचा विचार करावयाचा आहे त्यांत आत्महत्येचा प्रयत्न, बेकारी, शरीराचे वेगळेपण, एकटेपणा असे विषय विनोदाच्या कक्षेत येतात. अशा वेळी असंगत विनोद माणसाचे दुःख हलके करतो की दुःखाकडे पाहण्याची जबाबदारी हलकी करतो, हे तपासणे भाग पडते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या प्रश्नाचे उत्तर असंगत घटनेच्या स्वरूपात सापडत नाही. ते त्या घटनेला मिळणाऱ्या प्रतिसादात शोधावे लागते. असंगतीसमोर साक्षी म्हणून कोण उभे आहे आणि ते काय करते, यावर त्या विनोदाची नैतिक गुणवत्ता ठरते.

२

हे प्रतिपादन बाहेरून आणलेले नाही. जपानी विनोदाच्या घडणीतच त्याचा आधार आहे. नववर्षारंभी दारोदार शुभचिंतन करीत हिंडणाऱ्या जोडीच्या लोककलेतून ‘मान्झाई’ हा प्रकार विकसित झाला. १९३० मध्ये ओसाका येथे योकोयामा एन्तात्सु आणि हानाबिशी आचाको यांची जोडी जमली. या दोघांनी पाश्चात्त्य पोशाख चढवला, गाणेबजावणे बाजूला ठेवले आणि रोजच्या बोलण्यातून विनोद उभा केला. आधुनिक मान्झाईचे रूप तेथून स्थिर झाले. या रूपात दोन भूमिका असतात. पहिला ‘बोके’ : भरकटणारा, ज्याच्या बोलण्याला धरबंध नाही. दुसरा ‘त्सुक्कोमी’ : मध्येच घुसून टोकणारा. या दुसऱ्या संज्ञेच्या व्युत्पत्तीतच आत खुपसण्याचा, घुसण्याचा अर्थ आहे. मराठीतील ‘टोकणे’ हे क्रियापद तिच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ जाते.

हसे भरकटणाऱ्यामुळे होते असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ते टोकण्याच्या क्षणी फुटते. भरकटलेले विधान एकटेच राहिले तर ते केवळ वेडाचे लक्षण ठरेल. कोणीतरी ‘हे काय भलतेच!’ म्हणतो तेव्हा जगाची रीत अजून शाबूत असल्याची हमी मिळते आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन हसतो. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही रचना अधिक स्पष्ट करता येते. भरताने हास्यरसाच्या विभावांमध्ये असत्प्रलाप आणि व्यंगदर्शन यांचा निर्देश केला आहे. अभिनवगुप्ताने अनौचित्य हे हास्याचे व्यापक कारण मानले. परंतु अनौचित्य जाणवण्यासाठी औचित्याची पार्श्वभूमी कोणीतरी धरून ठेवावी लागते. टोकणारा ती धरून ठेवतो. तो असंगतीचा साक्षी असतो आणि औचित्याचा रखवालदारही.

या दुहेरी भूमिकेतच नैतिक गुंता आहे. रखवालदार म्हणून तो भरकटणाऱ्याला जागेवर आणतो. या आणण्यात शिक्षेचा अंश असतो, आणि मान्झाईच्या मंचावर तर पुष्कळदा डोक्यावर टपलीही बसते. साक्षी म्हणून मात्र तो भरकटणाऱ्याला सोडून जात नाही. कितीही मूर्खपणा झाला तरी तो पुढच्या वाक्यासाठी शेजारी उभाच असतो. नियमन आणि सोबत या दोन गोष्टींचे प्रमाण प्रत्येक कृतीत वेगळे पडते, आणि येथे विचारात घेतलेल्या पाच मालिकांतील मुख्य भेद या प्रमाणाचाच आहे.

३

फुजिओ आकात्सुका याचा ‘तेन्साई बाकाबोन’ हा मांगा १९६७ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये त्यावर पहिली ॲनिमे-मालिका आली. शीर्षकात मुलाचे नाव असले तरी कृतीचा केंद्रबिंदू लवकरच त्याच्या बापाकडे सरकला. पोटाला पट्टा, डोक्याला फडके बांधलेला हा बाप प्रौढ माणसाकडून अपेक्षित असलेली एकही गोष्ट रीतसर करीत नाही. मुळात त्याला ठरावीक नोकरीधंदाही नव्हता. १९७१ च्या मालिकेत तो माळी झाला. कोणत्याही गोंधळाच्या अखेरीस हा बाप ‘हेच ठीक आहे’ अशा आशयाचा निर्वाळा देतो आणि प्रकरण संपते. टोकणाऱ्याची जागा येथे जवळजवळ रिकामी आहे. पत्नी शांतपणे सारे पाहते, शेजारी वैतागतात, पण शेवटचा शब्द भरकटणाऱ्याचा असतो, आणि तो शब्द होकाराचा असतो.

आकात्सुका २००८ मध्ये वारला. त्याच्या अंत्यविधीत विनोदी कलावंत तामोरी याने केलेले श्रद्धांजलीपर भाषण जपानमध्ये पुष्कळ चर्चिले गेले. घडणारे आणि असणारे सारे आहे तसे स्वीकारावे, म्हणजे माणूस अर्थाच्या जड ओझ्यातून सुटतो, अशी आकात्सुकाच्या विचाराची मांडणी तामोरीने केली. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही मांडणी मोलाची आहे. कामूने १९४२ मध्ये असंगतीपुढे बंडाचा ताठ कणा उभा केला होता. बाकाबोनचा बाप बंड करीत नाही, कारण त्याला जगाकडून अर्थाची अपेक्षाच नाही. अपेक्षाभंगाशिवाय बंड संभवत नाही. १९३५ मध्ये मांचुरियात जन्मलेल्या आणि पराभवानंतर मायदेशी परतलेल्या पिढीच्या लेखकाने सम्राट, राष्ट्र, त्याग अशा भारदस्त अर्थांचा कोसळता डोलारा बालपणीच पाहिला होता. अर्थाविषयीचा त्याचा संशय पोकळ थट्टेतून आलेला नाही, असे म्हणावयास येथे जागा आहे.

मात्र या होकाराची मर्यादाही येथेच दिसते. ‘असण्या’ला दिलेला होकार आणि ‘केल्या’ला दिलेला होकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादा माणूस विचित्र आहे, निरुपयोगी आहे, तरीही तो असावा हे म्हणणे उदात्त आहे. एखाद्याने दुसऱ्याला फसवले, रडवले, तेही ठीक आहे असे म्हणणे ही नैतिक शरणागती आहे. ‘बाकाबोन’मधील बाप या दोहोंमध्ये भेद करीत नाही, ज्याला त्याच्या खोड्यांचा ताप झाला त्याच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही. व्यंगचित्राच्या जगात जखमा पुढच्या चौकटीत भरून निघतात म्हणून हा प्रश्न झाकला जातो. जखमा भरून न निघणारा विषय हाती घेतला की तो उघडा पडतो.

४

तो विषय कोजी कुमेताने घेतला. ‘सायोनारा झेत्सुबो सेन्सेई’ हा त्याचा मांगा २००५ ते २०१२ या काळात प्रसिद्ध होत होता; आकियुकी शिन्बो याच्या दिग्दर्शनाखाली शाफ्ट या संस्थेने २००७ मध्ये त्याची मालिका केली. शिक्षक इतोशिकी नोझोमु याचे नाव चित्रलिपीत आडवे, अक्षरे जवळ घेऊन लिहिले की ‘झेत्सुबो’, म्हणजे निराशा, असे वाचले जाते. आरंभीच तो फुललेल्या चेरीच्या झाडाला गळफास लावून लटकलेला दिसतो. काफुका नावाची विद्यार्थिनी त्याला वाचवण्याच्या घाईत असे काही ओढते की तो खरोखरच मरावयाचा, आणि सुटल्यावर तो ओरडतो तो ‘मेलो असतो तर!’ या अर्थाचे. काफुकाच्या मते मात्र एवढ्या सुंदर दिवशी कोणी मरू पाहणे शक्यच नाही. सेन्सेई उंची वाढवण्यासाठी लोंबकळत असणार.

या विनोदाचे मूल्यमापन करताना एक वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही. जपानमध्ये १९९८ ते २०११ अशी सलग १४ वर्षे दरवर्षी ३०,००० हून अधिक माणसांनी आत्महत्या केल्या. २००६ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मांगाच्या प्रकाशनाचा काळ बहुतांशी याच वर्षांत येतो. त्याच्या वाचकांत आणि मालिकेच्या प्रेक्षकांत ज्यांच्या घरातून कोणी असे गेले आहे अशी माणसे असणारच. त्यांच्यासमोर हा प्रसंग काय करतो?

येथे भरकटणारे दोन आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. जगातील प्रत्येक क्षुल्लक गोष्टीतून निराशेचा निष्कर्ष काढणारा शिक्षक हा एक, आणि प्रत्येक भीषण गोष्टीला गोड नाव देणारी काफुका ही दुसरी. नेहमीच्या रचनेत निराशेला टोकण्याचे काम आशेने करावयाचे असते. कुमेताने ते होऊ दिलेले नाही. काफुकाची आशा शिक्षकाच्या निराशेइतकीच खोटी साक्ष देते, किंबहुना अधिक धोकादायक, कारण ती समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच पुसून टाकते. गळफास घेणाऱ्याला ‘तू उंच होऊ पाहतोस’ म्हणणे हा समाजाच्या एका परिचित वागणुकीचा टोकाला नेलेला आविष्कार आहे. विनोदाचे लक्ष्य मरू पाहणारा माणूस आहे की त्याच्या मरणेच्छेची दखल घेण्याचे नाकारणारी भाषा आहे, असा प्रश्न केला, तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकावे लागते. काफुका हे नावच काफ्काची आठवण करून देते, हा योगायोग खचित नाही.

तरीही ही मालिका प्रत्येक वेळी या उंचीवर राहत नाही. गळफासाचा प्रसंग वारंवार आला की तो शिक्षकाची ओळखचिठ्ठी बनतो. त्याने दोरी काढावी आणि प्रेक्षकाने हसावे हा करार एकदा पक्का झाला की बेर्गसाँला अभिप्रेत असलेली बधिरता सुरू होते. पुनरावृत्ती हे विनोदाचे साधन खरे, पण मृत्यूच्या बाबतीत तीच त्याची कसोटीही ठरते. कुमेताला याची जाण असावी असे मूळ मांगाच्या शेवटावरून दिसते. काफुका ही कधीच मरण पावलेली अवयवदात्री होती, आणि मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्या वर्गातील मुलींना तिचे अवयव मिळाले होते, असा तेथे उलगडा होतो. ज्या आवाजाला वाचक इतकी वर्षे थिल्लर आशावाद म्हणून हसत होता, तो ज्यांना जगावयाचे आहे त्यांच्या शरीरात उरलेला मृताचा आवाज होता. हा उलगडा मागील सर्व हशांना रद्द करीत नाही, पण त्यांचा हिशेब मागतो.

५

असंगतीला टोकावे की गप्प राहावे, हा प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात दोन यंत्रमानवांच्या निमित्ताने पाहता येतो. बेर्गसाँच्या उपपत्तीनुसार जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते. येथे ज्या दोन मालिकांची तुलना करावयाची आहे त्यांनी हे सूत्र उलटे केले आहे. त्यांतील यंत्रे माणसांहून अधिक माणसासारखी आहेत.

एइजी नोनाका याच्या ‘क्रोमार्टी हायस्कूल’ या मांगावर (२०००–२००६) प्रॉडक्शन आय.जी.ने २००३–०४ मध्ये २६ भागांची मालिका केली. शाळेला जपानमध्ये खेळून गेलेल्या एका अमेरिकन बेसबॉलपटूचे नाव आहे. का आहे, याला उत्तर नाही. साऱ्या गुंडांच्या या शाळेत कामियामा हा सरळमार्गी विद्यार्थी दाखल होतो. त्याच्या सहाध्यायांत एक गोरिला आहे, आणि मेकाझावा नावाचा, पत्र्याच्या पिंपासारख्या देहाचा एक यंत्रमानवही आहे. मेकाझावा यंत्र आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्या थोड्यांना शंका येते त्यांना ती बोलून दाखवणे जमत नाही. पात्रांचे चेहरे मारामारीच्या गंभीर मांगातील पुरुषांसारखे करारी, संवादाचा स्वर भारदस्त, आणि चर्चेचा विषय मात्र कमालीचा क्षुल्लक. कामियामा हा या जगातला स्वाभाविक टोकणारा, परंतु तोही हळूहळू या जगाच्या तर्कात सामावला जातो.

‘निचिजो’ ही केइइची आरावी याच्या मांगावर आधारलेली, क्योतो ॲनिमेशनने तात्सुया इशिहारा याच्या दिग्दर्शनाखाली केलेली २६ भागांची मालिका. शीर्षकाचा अर्थ ‘रोजचे जगणे’. तीत आठ वर्षांच्या एका ‘हाकासे’ने, म्हणजे पंडिताबाईने, नानो ही यंत्रकन्या घडवली आहे. नानोच्या पाठीवर चावीच्या खेळण्याला असते तशी मोठी किल्ली आहे. आपण यंत्र आहोत हे कोणाला कळू नये, शाळेत इतर मुलींसारखे जाता यावे, एवढीच तिची इच्छा. मालिकेच्या उत्तरार्धात ती शाळेत जाऊ लागते. किल्ली लपण्यासारखी नसतेच. नाकामुरा ही विज्ञानशिक्षिका तिला पकडून अभ्यासण्याचे बेत आखते आणि दर वेळी स्वतःच फजित होते. युको, मिओ आणि माई या मुली मात्र तिच्याशी मैत्री करतात, आणि त्या मैत्रीच्या आड किल्ली येत नाही.

दोन्ही ठिकाणी यंत्र डोळ्यांसमोर आहे आणि दोन्ही ठिकाणी भोवतालचे जग बहुशः मौन पाळते. तरीही या दोन मौनांची जात वेगळी आहे. क्रोमार्टीतील मौन न दिसण्याचे आहे, किंवा दिसूनही धाडस न होण्याचे आहे. त्या मौनाचे मेकाझावाला दुःख नाही, कारण आपल्यात लपवण्यासारखे काही आहे हे त्यालाही ठाऊक नाही. येथे हशाचा रोख यंत्रावर नाही. बळाचा, पौरुषाचा, गटाच्या अलिखित नियमांचा एवढा दबदबा असलेल्या जगात साधे सत्य उच्चारता येत नाही, या सामाजिक सत्यावर तो आहे. दहा माणसे ज्याला माणूस म्हणत आहेत त्याला अकराव्याने यंत्र कसे म्हणावे? नोनाकाची असंगती समूहाच्या भित्रेपणाचे चित्र रंगवते, आणि गंमत अशी की त्या भित्रेपणाचा परिणाम मेकाझावाच्या हिताचाच होतो. तो सन्मानाने जगतो. सत्य बोलणे हे नेहमीच श्रेष्ठ मूल्य असते काय, असा प्रश्न मालिका न विचारता उभा करते.

‘निचिजो’मधील मौनात जाणीव आहे. नानो लाजते, घाबरते, किल्लीमुळे आपण हास्यास्पद ठरू असे तिला वाटते. भरताने उल्लेखिलेले व्यंगदर्शन हे येथे केवळ प्रेक्षकाच्या हास्याचे कारण राहत नाही, ते पात्राच्या मनातील भीतीचे कारण होते. आपले व्यंग कोणाच्या दृष्टीला पडेल ही भीती ज्याला ठाऊक आहे त्यालाच, दिसूनही न टोकणारा मित्र म्हणजे काय, हे उमजेल. नाकामुराची दृष्टी कुतूहलाची आहे, तीत वाईट हेतू फारसा नाही. पण ती नानोला वस्तू मानते, म्हणून मालिका तिला सतत तोंडघशी पाडते. मैत्रिणींची दृष्टी किल्लीवरून पुढे सरकते आणि नानोच्या चेहऱ्यावर थांबते. मालिका संपते तेव्हा किल्ली पाठीवरच असते. बदललेले असते ते किल्लीचे वजन.

या तुलनेतून साक्षीची कल्पना सुधारून घ्यावी लागते. टोकणे हा साक्षीचा एकमेव प्रकार नव्हे. जाणतेपणी न टोकणे हीसुद्धा साक्ष असू शकते, आणि अजाणतेपणी न टोकणे ही साक्षीची अनुपस्थिती असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो ज्याच्याविषयी मौन पाळले गेले त्याच्या भीतीची दखल कृतीने घेतली आहे की नाही यावरून.

६

‘निचिजो’चा आणखी एक विशेष या प्रश्नाच्या गाभ्याला भिडतो. टॉमस नेगेलने १९७१ मधील आपल्या निबंधात असंगतीची जी व्याख्या केली ती येथे उपयोगी पडते. माणूस आपल्या आयुष्याकडे अपरिहार्य गांभीर्याने पाहतो, आणि त्याच वेळी बाहेर उभे राहून ते सारे गांभीर्य निराधार असल्याचे पाहण्याची क्षमताही त्याच्याजवळ असते. या दोन दृष्टींच्या संघर्षात असंगती जन्मते. त्यामुळे कामूचे बंड नेगेलला काहीसे नाटकी वाटते. उपरोधाने, पण आत राहूनच, जगावे असे तो सुचवतो.

विनोदकार सामान्यतः या दोहोंपैकी बाहेरची दृष्टी निवडतो आणि माणसाचे गांभीर्य किती क्षुद्र आहे ते दाखवतो. ‘निचिजो’ आतली दृष्टी निवडते आणि ती ताणत नेते. युकोच्या डब्यातला ऑक्टोपसच्या आकाराचा सॉसेज हातून निसटतो. तो जमिनीवर पडण्यापूर्वी झेलण्याची तिची धडपड एखाद्या महायुद्धपटाच्या भव्यतेने चित्रित होते. आपण काढलेले खाजगी चित्र दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून मिओ धावते, तेव्हा तिच्या धावण्यात जग पालथे घालण्याचा आवेश असतो. बाहेरून पाहता या घटना नगण्य आहेत. आतून, ज्याचा डबा आहे आणि ज्याची लाज आहे त्याला, त्या क्षणी त्या एवढ्याच मोठ्या असतात. मालिका प्रमाणभंग करते असे वाटते, पण एका अर्थाने ती प्रमाण दुरुस्त करते : दुसऱ्याच्या क्षुल्लक दुःखाला तो स्वतः देतो तेवढी जागा ती पडद्यावर देते.

ॲनिमे हे माध्यम येथे निर्णायक ठरते. कॅमेऱ्यापुढे सॉसेज आपोआप पडतो. ॲनिमेत तो पाडण्यासाठी चित्रामागून चित्र कोणीतरी रेखाटावे लागते. काही सेकंदांच्या निरर्थकतेमागे अनेक हातांचे श्रम असतात. असंगत विनोद बेफिकिरीची सवय लावतो या आक्षेपाला या मालिकेने दिलेले उत्तर तिच्या कारागिरीत आहे, कारण निरर्थकाची इतकी काळजी घेणारा माणूस निरर्थकाविषयी बेफिकीर असू शकत नाही. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशनच्या पहिल्या स्टुडिओस लावण्यात आलेल्या आगीत ३६ जण मृत्युमुखी पडले. ‘निचिजो’च्या व्यक्तिरेखांचे रेखन करणारा फुतोशी निशिया त्यांच्यात होता. या घटनेने मालिकेच्या अर्थात भर पडते असे म्हणणे भावुकतेचे होईल. एवढेच म्हणता येईल की, त्यानंतर तो सॉसेज पडताना पाहणाऱ्याला, हसण्यासाठी हृदय बधिर व्हावे लागते, हे बेर्गसाँचे विधान पूर्वीइतके सहज मान्य होत नाही. हसू येतेच, आणि हृदयही जागे असते.

७

शेवटी ज्या कृतीत साक्षीच उरलेला नाही तिच्याकडे वळणे प्राप्त आहे. बुकुबु ओकावा याच्या मांगावरील ‘पोप टीम एपिक’ (२०१८) ही मालिका पोपुको आणि पिपिमी या दोन चौदा वर्षांच्या मुलींभोवती फिरते. बुटकी पोपुको वाटेल तेव्हा संतापते आणि वाटेल त्याच्यावर तुटून पडते. उंच पिपिमी तिला टोकत तर नाहीच, उलट तिची री ओढते. संदर्भ एकामागून एक येतात आणि विरून जातात. प्रत्येक भागाचा पूर्वार्ध उत्तरार्धात जवळपास जसाच्या तसा पुन्हा दाखवला जातो. बदलतात ते प्रामुख्याने पात्रांचे आवाज, एकदा स्त्रियांचे आणि एकदा पुरुषांचे. प्रेक्षकाची फसवणूक हाच येथे विनोदाचा आशय आहे. टोकण्याचे काम पडद्यावर कोणी करीत नसल्याने ते प्रेक्षकाच्या अंगावर पडते.

या रचनेकडे साक्षीचा अस्त म्हणून पाहता येईल, आणि कलेने जबाबदारी झटकली असा निष्कर्ष काढता येईल. तो अर्धाच खरा आहे. टोकणारा पडद्यावर असतो तेव्हा प्रेक्षक त्याच्यामागे लपू शकतो. औचित्याचा निर्णय त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेला असतो. टोकणारा नाहीसा झाला की कशाला हसावे आणि कशाला हसू नये, हे ठरवण्याची पाळी प्रेक्षकावर येते. ‘पोप टीम एपिक’ त्याला हे स्वातंत्र्य देते खरी, पण त्या स्वातंत्र्याचा उपयोग करण्याजोगे माणूस म्हणून काही समोर ठेवत नाही. पोपुकोला भीती नाही, लाज नाही, उद्याची चिंता नाही. तिच्या वतीने दुखावण्यासारखे कोणी नाही. म्हणून तिच्यावर हसणे निर्दोष आहे, आणि त्याच कारणाने ते लवकर विसरले जाते.

‘बाकाबोन’च्या बापापासून पोपुकोपर्यंतचा हा प्रवास काळाच्या ओघात सरळ उतरत गेला असे मानण्याचे कारण नाही, ‘क्रोमार्टी’ आणि ‘निचिजो’ या वाटेवरच्या दोन स्वतंत्र शक्यता आहेत. त्यांच्या तुलनेतून एक निकष हाती येतो. असंगत विनोदाने जगाचा अर्थ हिरावून घेतला म्हणून तो दोषी ठरत नाही, आणि दुःख हलके केले म्हणून निर्दोषही ठरत नाही. ज्याच्यामुळे हसू आले तो हसू ओसरल्यावर आपल्या भीतीसह, लाजेसह, किल्लीसह प्रेक्षकाच्या नजरेत उरतो काय, हे पाहावयाचे. ‘झेत्सुबो सेन्सेई’च्या उत्तम जागी तो उरतो, दोरीच्या यांत्रिक पुनरावृत्तीत हरवतो, ‘क्रोमार्टी’त तो त्याच्या नकळत सुरक्षित राहतो, ‘निचिजो’त त्याची सोबत केली जाते. आकात्सुकाच्या होकाराला ज्या भेदाची उणीव होती, असण्याला होकार आणि केल्याविषयी विवेक या भेदाची, तो भेद पुढच्या काळातील या कृतींनी तत्त्वज्ञान म्हणून मांडला नाही. दोन मुली एका यंत्रकन्येशेजारी बसून डबा खातात आणि तिच्या पाठीविषयी काही बोलत नाहीत, एवढ्या साध्या चित्रात तो त्यांना सापडला आहे.